नुरुद्दीनशेठच्या घरासमोरचे बोंबील

नुरुद्दीनशेठच्या पत्नी जैबुन्निसाबीबींनी भागोजी कोळ्याला पहिल्यांदा पाहिलं ते १९२२ साली, आगरदांड्याच्या धक्क्यापाशी. छातीभर पाण्यात तो पडावातून उतरवलेलं त्यांचं शिसवी कपाट डोक्यावर घेऊन उभा होता. कपाटावर खुराडं, खुराड्यात आरवणारा कोंबडा. त्या ओझ्याने म्हणे ओहोटीची भरती झाली. हे खोटं असावं. भागोजी मात्र शपथेवर सांगे.

नुरुद्दीनशेठचं नवं दुमजली घर त्या दिवशी भरलं. सागवानी तुळया, रंगीत काचांच्या खिडक्या आणि राखणीला भागोजी. चार वर्षांनी शेठचा व्यापार रंगूनला गेला, मागोमाग बिऱ्हाडही. पडावात चढताना बीबी म्हणाल्या, "घर राख, भागोजी. इन्शाअल्ला, आम्ही परत येणार राहायला."

पुढे शेठच्या मुनिमाने घर भाड्याने लावलं. भागोजीने हिशेब मांडला: भाडेकरू रुजला की बीबी कशाला येतात? त्याने बोंबील वाळवायच्या दांड्या थेट खिडक्यांसमोर, वाऱ्याच्या तोंडाशी रोवल्या.

पहिले आले शाकाहारी कारकून. ते नाकाला उपरणं लावून आले आणि तसेच गेले. मग एक डॉक्टर. त्यांनी इतका धूप जाळला की धूप आणि बोंबील यांच्या मिश्र वासाने रोगी तपासण्याआधीच बरे होऊन पळू लागले.

"अवो, ऱ्हाऊ द्या की कुनाला तरी," बायको सोनाबाई म्हणाली. "रिकामं घर खचतंय."

"तू बोंबील उलट. बीबी येनार हायेत."

घराची अशी कीर्ती झाली की पुढे कुणी फिरकलंच नाही. भाडं थांबलं, तशी दरसाल कौलं चाळणंही थांबलं. गळतीवर भागोजी झावळ्या टाकत राहिला.

बीबी आल्या १९३५ साली, शेठ गेल्यावर, मुलगा सिराजुद्दीनला घेऊन.

"एकाला बी टिकू दिला न्हाय, बीबी," भागोजी छाती पुढे काढून म्हणाला.

सिराजुद्दीनने तुळईला बोट लावलं. बोट आत गेलं.

बीबी जिन्याच्या पायरीवर बसल्या. "त्या भाड्यातूनच घराची डागडुजी व्हायची होती रे. मरेपर्यंत इथंच राहायचं म्हणून आले होते मी."

"मला कुनी सांगितलं न्हाय, बीबी."

"तू तरी कुणाला विचारलंस?"

भागोजीने एकट्याने सगळ्या दांड्या उपटल्या. सोनाबाईने टोमणा मारला नाही, हेच त्याला जास्त लागलं.

बीबी मुलाबरोबर मुंबईला गेल्या. घर एका लाकडाच्या वखारवाल्याने घेतलं आणि पावसाळ्याच्या आत मोडून नेलं.