घोडदळाच्या अधिकाऱ्यावर लातुरात चाललेला खटला

विद्यार्थी संघटनेत आम्हाला पत्रक लिहायला शिकवलं होतं: पहिल्या ओळीत आरोप, शेवटच्या ओळीत मागणी. मुखेडहून लातुरात आलो कॉलेजसाठी, पण दिवस जायचे क्लासवाल्यांविरुद्ध पत्रकं वाटण्यात. आयुष्यात एकच नाटक लिहिलं, तेही पत्रकासारखंच.

विषय लायब्ररीत सापडला. अमेरिकेच्या सरहद्दीवरचा घोडदळाचा एक अधिकारी वाटाड्यांचं न ऐकता तिथल्या मूळ लोकांच्या वस्तीवर चालून गेला आणि आपल्या स्वारांसकट मेला. माझ्या नाटकात तो जिवंत सापडतो आणि त्याच्यावर लष्करी खटला चालतो. माझी चीड ही, की असलं कोर्ट फक्त विचारणार, 'हरलास का?' 'दुसऱ्याच्या दारात गेलासच का?' हे कुणीच विचारणार नाही. म्हणून ते मी सरकारी वकिलाच्या तोंडी घातलं. वकील अर्थात मीच.

अधिकारी झाला माझा खोलीतला जोडीदार. मुरुडच्या भांड्यांच्या दुकानदाराचा मुलगा, भूकंपाच्या साली जन्मलेला. त्या सकाळी त्याच्या वडिलांनी टेम्पोतून जखमी नेले, तर दवाखान्यात माणसांचा ढीग आणि डॉक्टर दोन. तेव्हाच त्यांनी ठरवलं, पोरगा डॉक्टर करायचा. पोरगा मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत दोनदा आपटला. आता रिपीटर बॅचला पुन्हा नाव घालायला वडील येत्या रविवारी येणार होते. याला मात्र दुकानात बसायचं होतं. पातेल्याला टिचकी मारून त्याचा पत्रा किती जाड ते सांगणारा माणूस हा. पण वडिलांपुढे तोंड उघडेना.

"सांग की सरळ," मी म्हणालो.

"तू रोज जगाला सांगूलालास की," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या बापाला सांगायला लई सोपं असतंय."

रविवारची टेस्ट संपली आणि खानावळीच्या गच्चीवर खटला उभा राहिला. प्रेक्षक हेच पंच, असं मीच लिहून बसलो होतो. पंच सगळे रिपीटर. पुढच्या सतरंजीवर त्याचे वडील, कपाळावर विभूती.

मी तावातावानं आरोप वाचले. म्हणालो, "दोषी वाटतो त्यांनी हात वर करा."

एक हात वर नाही.

"अरे, लोकांची वस्ती उठवायला गेला होता हा! आपलेच स्वार मारले यानं!"

"ओ वकीलसाहेब," मागून एकजण ओरडला, "हरलेल्याला आजून किती हाणता? आजून एक अटेम्प्ट द्या त्याला!"

झालं. सगळी गच्ची 'अटेम्प्ट, अटेम्प्ट' करून टाळ्या पिटायला लागली. जगात कुठल्या लष्करी कोर्टानं अशी शिक्षा दिली नसेल. आरोपीचा चेहरा पांढराफटक.

तेवढ्यात त्याचे वडील उठले. "थांबा की ओ जरा. समदे तुम्हीच ठरवूलालाव. त्याला कुणी इचारलं का, परत घोड्यावर बसायचंय का म्हून?"

माझ्या संहितेत अधिकारी ताठ मानेनं 'मी पुन्हा जाईन' म्हणतो. यानं अधिकाऱ्याची म्हणून घातलेली एनसीसीची टोपी काढून हातात घेतली.

"न्हाई बसायचं, अप्पा."

नाटकात अप्पा नव्हतेच.

"मग काय करतो म्हन्तो?"

"दुकान."

वडील म्हणाले, "ठरवलं म्या. तुला इचारायचं तेवढं ऱ्हायलं बघ." आणि खाली बसून पिशवीतले धपाटे काढायला लागले. "चल, खाऊन घे. दुकानात बी परीक्षा हायेच. गिऱ्हाईक रोज घेतंय."

तो हसला. दोन वर्षांत त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

माझ्या खटल्याचा निकाल राहूनच गेला. तो अधिकारी दोषीच होता, हे मी आजही सांगतो. त्या दिवशी धपाटे खाताना दोनदा सांगितलं. कुणी ऐकलं नाही, आणि मला त्याचं काही वाटलंही नाही.