सिहोर, लोकवन आणि चाळीस घरं

शुक्रवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी शालूताई पोकळे दिवसाचं दुसरं दळण गिरणीच्या तोंडात ओतत होत्या. पहिलं गव्हाचं होतं, दुसरंही गव्हाचंच. धायरीतल्या त्यांच्या गिरणीत नऊ वाजेपर्यंत फक्त गहू दळला जातो, मग ज्वारी, मग बाजरी. बाजरीच्या मागोमाग गहू टाकला की पोळ्या काळपट होतात आणि गिऱ्हाईक दुसरी गिरणी शोधतं. तीन वर्षांत हा क्रम एकदाही चुकला नव्हता. चुकलं होतं ते वेगळंच, आणि त्याला तीन दिवस झाले होते.

मंगळवारी सात घरांचं पीठ सात भलत्याच घरांत पोचलं. पाच घरांनी संध्याकाळच्या आत तक्रार केली. शालूताई त्या पाचही घरी स्वतः गेल्या, चूक कबूल केली, घरच्या गव्हाचं ताजं पीठ देऊन आल्या. दोन घरं मात्र गप्प होती. तक्रार करणारा पुणेकर टिकतो, हा त्यांचा अनुभव होता. गप्प बसलेला पुणेकर दुसरीकडे चौकशी करत असतो.

शालूताईंचं वय सत्तेचाळीस. सासऱ्यांच्या जमिनीतला पाऊण एकराचा तुकडा नवऱ्याने, सर्जेरावांनी, बिल्डरला दिला आणि त्यावर ‘मृद्गंध’ सोसायटी उभी राहिली. दोन विंग, अठ्ठ्याऐंशी फ्लॅट. सौद्यात फाटकाजवळचा एक गाळा पोकळ्यांच्या वाट्याला आला. त्यात सर्जेरावांनी आधी जमीन-खरेदीचं ऑफिस काढलं, मग बॉडी बनवायच्या पावडरी विकल्या. ऑफिसात मित्र बसायचे. पावडरी मित्रांनीच संपवल्या.

मग शालूताईंनी गाळा मागितला. धंदा करावासा का वाटला, असं कोणी विचारलं की त्या सांगतात, “घरात माणसं तीन. त्यात बोलनारा एकच. मला सकाळी बाहेर पडायचं व्हतं.”

कुठला धंदा, हे मात्र त्यांनी ठरवलं नाही, पाहिलं. आठ दिवस त्या सोसायटीच्या फाटकाशी, वॉचमनच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या. माणसं दळणाचे डबे स्कूटरवर पायांत धरून हायवेपलीकडे नेत होती. घरोघरी घरघंट्या होत्या, पण दुपारी एक ते चार त्या लावल्या की वरचा मजला बेल वाजवायचा. नवव्या दिवशी शालूताई खडकीला गेल्या. तिथल्या एका म्हाताऱ्या गिरणीवाल्याचा मुलगा परदेशी गेला होता. त्याची दहा हॉर्सपॉवरची जुनी गिरणी त्यांनी घेतली आणि चार दिवस त्याच्यासमोर बसून दगडाला टाकी कशी लावायची ते शिकून आल्या. दगड बोथट झाला की पीठ तापतं, आणि कारागिराची वाट पाहणारी गिरणी आठवड्यातून दोन दिवस बंद राहते.

सुरुवातीला ‘पहिलं दळण फुकट’ अशी पाटी लावली. कोणी फिरकलं नाही. एका आजोबांनी थांबून विचारलं, “फुकट का? दगडाचा चुरा पडतो का पिठात?” शालूताईंनी पाटी काढली आणि किलोमागे हायवेपलीकडच्या गिरणीपेक्षा एक रुपया जास्त लावला. आठवड्यात नऊ डबे आले. जास्त घेतात म्हणजे काहीतरी असणार, असं सोसायटीत ठरलं. मग त्यांनी घरून डबा नेणं आणि पोचवणं सुरू केलं. घरं तेहतीस झाली.

इथवर सर्जेरावांचं लक्ष नव्हतं. मग ते बाणेरच्या एका हॉटेलात ‘उद्योजक घडवा’ या दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले आणि पत्नीच्या गिरणीत उभे राहिले.

“शालू, तू पीठ दळत न्हाईस. तू आरोग्य विकतीस.”

“मग बाहेर दवाखाना लिहू का?”

“थट्टा नको. स्केल करायचं असतं. टार्गेट लागतं. तीस तारखेपर्यंत कायमची चाळीस घरं. झाली तर गाळा तुझा, मी परत तोंड उघडनार न्हाय. न्हाय झाली तर एक तारखेला गाळा मोबाइलवाल्याला. कागद तयार हाय माझ्याकडं.”

तोंड न उघडण्याचं आश्वासन ऐकून शालूताईंनी लगेच हो म्हटलं.

नुसतं टार्गेट देऊन सर्जेराव थांबले असते तर बरं होतं. ते साठ पांढरे प्लास्टिकचे डबे घेऊन आले. प्रत्येक डब्यावर गॉगल लावलेले, हात जोडलेले सर्जेराव होते आणि खाली ‘मा. सर्जेराव पोकळे, युवा उद्योजक’ असं छापलं होतं. सर्जेराव बावन्न वर्षांचे आहेत.

“ह्याला ब्रँडिंग म्हनत्यात,” ते म्हणाले.

“गिरनीचं नाव कुठंय?”

“जागा उरली न्हाई.”

यात एक गोष्ट सर्जेरावांच्या ध्यानात आली नाही आणि खरं तर शालूताईंच्याही. आजवर त्या डबे नावावरून नव्हे, तोंडावळ्यावरून ओळखत होत्या. करमरकरांचा स्टीलचा, ‘सौ. हिला मंगळागौरीनिमित्त’ असं कोरलेला. दातारांचा निळा, कडीला चिंधी बांधलेला. आता सगळे डबे सर्जेरावांसारखे दिसू लागले. मुलगी अपेक्षा हुशार. तिने नावांच्या चिठ्ठ्या केल्या. पण डब्याच्या अंगावर बाबा होते, म्हणून चिठ्ठ्या झाकणांवर चिकटवल्या. ताजं पीठ गरम असतं. ते निवायला झाकणं काढून ठेवावी लागतात. मंगळवारी सात झाकणं एकीकडे निवली आणि सात डबे दुसरीकडे.

बुधवारी सकाळीच शालूताईंनी पांढरे डबे परत मागवले आणि लोकांचे जुने डबे फिरायला लागले. घरं तोवर बरोबर चाळीस झाली होती. पण गप्प बसलेल्या दोन घरांमागे दोन विंग होत्या.

एक घर ए विंगमधल्या अनंत करमरकरांचं. वय एकोणसत्तर, माजी अध्यक्ष. “आम्ही मूळचे कोथरूडचे,” असं ते अकरा वर्षं सांगत आहेत, जणू धायरीत बस चुकली म्हणून थांबलेत. दुसरं घर बी विंगच्या उत्कर्षा दातारांचं; त्या बँकेत अधिकारी आणि सोसायटीच्या सचिव. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात करमरकरांनी नियमावर बोट ठेवून गच्चीला कुलूप लावलं. आत दातारांच्या कुरडया वाळत होत्या. कुलूप चार दिवसांनी उघडलं, तोवर कबुतरांनी त्यांचं काम केलं होतं. तेव्हापासून सोसायटीत दोन गणपती बसतात आणि एका विंगचा माणूस दुसऱ्या विंगची लिफ्ट वापरत नाही. करमरकरांनी गिरणी सोडली की ए विंग सोडणार, दातारांनी सोडली की बी विंग.

शुक्रवारी दुसरं दळण संपत आलं तेव्हा फिरायचे बूट घातलेले करमरकर गिरणीच्या दारात आले. त्यांनी आधी रस्त्याकडे पाहिलं, मग बी विंगच्या खिडक्यांकडे.

“मंगळवारचं पीठ आमचं नव्हतं.”

“न्हाय, काका. चूक झाली. मी आज येनारच—”

“मी बोलतोय. मधे बोलू नका.” त्यांनी आवाज उतरवला. “आम्ही पंचवीस वर्षं सिहोर गहू खातो. मी स्वतः मार्केट यार्डात जाऊन, दाताखाली धरून घेतो. तरी सकाळची पोळी रात्री चामड्यासारखी होते. मंगळवारची रात्री आठ वाजता खाल्ली. मऊ होती.”

“चूक झाली, काका.”

“तेच म्हणतोय. पुन्हा करा.”

शालूताईंनी गिरणी बंद केली. कानांवर विश्वास बसत नव्हता आणि पट्ट्याचा आवाजही होता.

“कोणाकडचं होतं ते?”

नाव जिभेवर आलं होतं. पीठ दातारांचं होतं: लोकवन गहू, किलोला मूठभर हरभरा डाळ आणि थोडं सोयाबीन. त्यांनी जीभ आवरली.

“नाव सांगायचं न्हाय, असा गिरनीचा नियम हाय.”

हा नियम तेव्हा चार सेकंदांचा होता. पण नियम म्हटल्यावर करमरकरांनी मान डोलावली. नियमापुढे ते जात नाहीत.

संध्याकाळी बँकेतून येताना दातार आत डोकावल्या. त्यांनीही आधी खिडक्या पाहिल्या, ए विंगच्या.

“शालूताई, रागावू नका, पण ते चुकून आलेलं पीठ कुठे मिळतं? माझा मुलगा रोज डबा अर्धा परत आणतो. तीन दिवस रिकामा आला. पोळ्या किती पांढऱ्या झाल्या!”

“सिहोर हाय त्यो.”

“पण घरात सत्तर किलो लोकवन पडलंय हो. कोणाचं होतं ते?”

“नियम हाय.”

करमरकरांच्या ड्रममध्येही ऐंशी किलो सिहोर होता, एरंडेल लावून ठेवलेला. शालूताईंनी रात्रभर काही विचार केला नाही. त्यांना जागरण चालत नाही. सकाळी दोघांनाही वेगवेगळं सांगितलं: “एक घर हाय, चांगलं हाय. त्यांच्याशी गव्हाची अदलाबदल करता का? नाव मी सांगनार न्हाय, तुमचं बी त्यांना न्हाय.”

करमरकर म्हणाले, “सिहोर महाग असतो. किलोला सव्वा किलो पाहिजे.”

दातार म्हणाल्या, “किलोला किलो. डाळ आणि सोयाबीन आमचं जातं, त्याचं काय?”

शालूताई दोन दिवस दोन लिफ्टांनी वरखाली करत होत्या. दहा किलोला साडेअकरावर मिटलं.

“माणूस चिवट आहे,” करमरकर म्हणाले. “पण व्यवहाराला चोख. आपल्या विंगचा असणार.”

“जरा कंजूसच आहेत,” दातार म्हणाल्या. “पण चव आहे. बी विंगच, मी ओळखलं.”

त्याच दिवशी करमरकरांनी ए विंगच्या ग्रुपवर लिहिलं, ‘गिरणीवाल्या बाईंना पिठातलं कळतं.’ यापेक्षा जास्त कौतुक त्यांनी स्वतःच्या जावयाचंही केलेलं नाही. एक घर वाढलं. दातारांनी बी विंगच्या ग्रुपवर त्याहून लांब लिहिलं. तीन घरं वाढली.

मंगळवारी करमरकरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “ए विंगची किती घरं येतात तुमच्याकडे?”

“वीस.”

“आणि... तिकडची?”

“चोवीस.”

हे खरं होतं. खरं बोलायला शालूताईंची कधीच हरकत नसते. करमरकरांनी चष्मा पुसला आणि घरी गेले. सूर्य मावळायच्या आत ए विंगमधून पाच डबे खाली आले. त्यातले दोन अजून कोरे होते, आत दुकानाची पावती होती.

तीस तारखेला, पुढच्या मंगळवारी, सर्जेराव खिशात कागद घालून आले. अपेक्षाने वही पुढे केली. त्यांनी घरं मोजली, पुन्हा मोजली, मग भिंतीला टेकले.

“एकोनपन्नास?”

“व्हय,” शालूताई म्हणाल्या.

“बघ. मी म्हनलं व्हतं ना? ते डबे आनले नसते तर हे झालं असतं का?”

शालूताईंनी या प्रश्नावर खरोखर विचार केला आणि तो बरोबर आहे असं त्यांच्या लक्षात आलं. ते त्यांनी सांगितलं नाही.

“आवं, तोंड न उघडायचं ठरलं व्हतं.”

सर्जेराव बाहेर गेले आणि फोनवर मोबाइलवाल्याला म्हणाले, गाळा द्यायचा विचार आपण स्वतःच बदलला, आपली सध्या पीठ क्षेत्रात गुंतवणूक चालू आहे. आतून अपेक्षाचं हसू ऐकू आलं, म्हणून ते आणखी थोडं लांब गेले.

उद्या बुधवार. गिरणी साडेसहाला सुरू होईल. करमरकरांच्या ड्रममधला दहा किलो सिहोर पहिला दळला जाईल आणि साडेदहाला बी विंगच्या चौथ्या मजल्यावर पोचेल. दातारांचं साडेअकरा किलो लोकवन ए विंगमध्ये साडेअकराला जाईल.