चतुराबाईची गरम भिंत

हिवरखेडच्या चतुराबाईने सन बासष्टच्या उन्हाळ्यात घर बांधायला काढलं, आणि पायापासून कौलापर्यंत मनात खुन्नस धरून बांधलं. तिचा नवरा अकरा वर्षांपूर्वी गेला, तेव्हा ती पोटुशी होती. धाकट्या दिराने, गोवर्धनाने, पांढऱ्या पायाची म्हणून तिचं बाळंतपण गोठ्यात करायला लावलं. पौषातली थंडी आणि अंगाखाली नुसतं कुटार, गुरांपुढचा भुसा. पोर चौथ्या दिवशी गारठून गेली. गोवर्धन तिकडे फिरकलासुद्धा नाही.

पुढे तिने वांगी-मिरच्या डोक्यावर वाहून अकोटचा बाजार केला, पंचांकरवी आपली अर्धी जागा सोडवली आणि शेषराव गवंड्याला बोलावलं. शेषरावने सेमाडोहला जंगलखात्याच्या बंगल्यात साहेब लोक शेकायचे ते भिंतीतलं धुराडं दुरुस्त केलं होतं. तिला तसंच हवं होतं. खोली रात्रभर उबदार राहावी, पण धूर आत येऊ नये. शेषरावने तोड काढली. चुलीचा धूर सरळ वर न सोडता पक्क्या विटांच्या पोकळीतून भिंतीच्या पोटात दोनदा फिरवायचा, मग कौलावर काढायचा. अशी जाड भिंत तापली की पहाटेपर्यंत निवत नाही. ही भिंत गोवर्धनाच्या घराला लागून घ्या, वीट वाचेल आणि ऊब दोन्ही घरांना मिळेल, असं त्याचं म्हणणं पडलं.

"माही ऊब त्याले भेटली नाही पाह्यजे," चतुराबाई म्हणाली.

गरम भिंत तिने पार दुसऱ्या टोकाला नेली. दोन घरांच्या मध्ये हातभर बोळ सोडली आणि छपराचा उतारही त्या बोळीकडेच काढायला लावला. पाणी साचेल, त्यांची भिंत मातीची आहे, ओल धरेल, हे शेषरावने दोनदा बजावलं. तिला तेच तर हवं होतं.

पावसाळ्यात गोवर्धनाची मागची खोली कमरेपर्यंत ओलावली. तो भांडायला आला, तेव्हा तिने त्याला पंचांकडे जा म्हणून वाटेला लावलं आणि त्या दिवशी एक भाकर जास्त खाल्ली. वैऱ्याचं वाटोळं झालं की जेवण गोड लागतं. लोक कबूल करत नाहीत, चतुराबाई करायची.

पौषात गोवर्धनाची थोरली लेक इंदूबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिची बाज टाकली ती त्याच मागच्या खोलीत. पोर आठव्याच महिन्यात झाली, मूठभर. बाजेखाली शेगडी ठेवली, तर ओल्या भिंतीपुढे ऊब टिकेना आणि धुराने पोर काळीनिळी पडू लागली. इंदूची आई पार्बताबाई रडत होती, ते चतुराबाईला आपल्या घरात ऐकू येत होतं. गरम भिंतीला टेकून बसली होती ती, पण घास उतरेना. दगड मारला एकाला आणि लागला भलत्यालाच. तिला लाज वाटली. पण लाजेने राग काही ओसरला नाही, उलट वाढला.

ती उठून तिकडे गेली, पोरीला लुगड्याच्या पदरात गुंडाळलं आणि इंदूला मागोमाग चल म्हणाली. पार्बताबाईने बाज उचलून आणली. सगळ्यांच्या मागे गोवर्धनही आला. चतुराबाई उंबऱ्यावर त्याला आडवी आली.

"वयनी, मले पाहू दे," तो म्हणाला.

"पोरीले जागा हाय, तिच्या मायले हाय, आजीले बी हाय. तुमाले नाही. माही लेक गोठ्यात होती, तवा तुमी आले होते काय पाह्याले?"

तिने कडी लावली.

गरम भिंतीशेजारी पोर तरली. आठ दिवसांत दूध ओढायला लागली. दुसऱ्याच दिवसापासून सकाळी दाराशी बाभळीच्या लाकडांची मोळी दिसू लागली. घोंगडं पांघरून गोवर्धन अंगणात उभा असायचा. आत नात रडली की त्याची मान तेवढी वर व्हायची. एकदा तरी येऊ द्या, असं पार्बताबाईने दोनतीनदा म्हणून पाहिलं, मग तिनेही नाद सोडला.

असं सव्वा महिना चाललं. चतुराबाई रोज ती मोळी आत ओढायची, त्याचं लाकूड चुलीत घालायची आणि त्याच्या तोंडावर कडी लावायची.