गुंडाच्या दुकानाला लागून

पुण्याकडचा एक पाहुणा आमच्या भंडाऱ्याजवळच्या शहापुरात लग्नाला आला होता. नवरीचा मामा दोन गुंड घेऊन येणार, हे कानावर पडताच त्याने आपली खुर्ची दाराजवळ ओढली. गुंड म्हणजे आमच्याकडे पाण्याचं पितळी भांडं, लेकीला आंदणात देतात ते. हे कळेपर्यंत बिचारा धड जेवला नाही. ही गोष्ट मी गोदावरीबाईंना सांगितली तेव्हा त्या पोट धरून हसल्या होत्या. अलीकडे त्या तेवढ्या हसत नाहीत. का, तेच सांगतो.

भंडाऱ्याच्या बाजारातल्या एका गल्लीत बाईंचं पितळी भांड्यांचं दुकान. नवरा वारल्यावर त्यांनी ते एकटीने सांभाळलं. आता सून चंदा हाताशी आहे. मधे महामार्गावर मोठी दुकानं निघाली आणि गल्ली ओस पडली. तेव्हा समोरच्या तेजराम भांडेवाल्याने सगळ्या दुकानदारांचं मंडळ उभं केलं. ज्याचं दुकान जेवढं रुंद, तेवढी त्याची दरमहा वर्गणी. नगरपालिका तिचं करेल, त्याच्यावरचं आपण करू, असा विचार. दिवे लागले, झाडूवाला आला, गाड्यांना जागा आखली. माणसं परत येऊ लागली, पण दुपार झाली की बायका निघून जात.

"आता काय, गिऱ्हाइकाले पालखीत आनाचं का?" तेजराम बैठकीत वैतागून म्हणाला.

"पालखी नोको, संडास बांधा," गोदावरीबाई म्हणाल्या. "बाई अड्याळहून सकाळी निघते, पानी पेत नाही. दोन दुकानं पाहाते न् बस पकडते."

खरंच आहे. माझी बायको बायाबाई बाजाराच्या दिवशी घोटभर पाणीही घेत नसे. मला आपलं वाटे, तिचा कुठला तरी उपास असेल.

संडास सगळ्यांना पटला. जागेचं विचारलं तेव्हा मात्र एकाच्या भिंतीला आतून देव होते, दुसऱ्याची भिंत कच्ची निघाली, तेजरामला वास्तू आठवली. बाईंच्या दुकानाला लागून नगरपालिकेची पडीक जागा होती. शेवटी बाईच म्हणाल्या, "माह्या बाजूले बांधा."

परवानगी मिळाली, बांधकाम झालं. स्वच्छ, पाण्याची सोय, आणि चाबी बाईंकडे. बायका संध्याकाळपर्यंत बाजारात रमू लागल्या. गल्लीचा धंदा सुधारला, बाईंचा बसला. तोंडावर कोणी बोलत नसे. नवरीची आई यायची, गुंड हातात घ्यायची, शेजारी नजर टाकायची आणि "येतो जी, पुढं पाहून" म्हणत निघायची. एक म्हातारी तेवढी स्पष्ट बोलली, "लग्नाचा गुंड हाय माय. संडासाच्या शेजारचा कसा नेऊ?"

"हात तुमीच वर केला होता," चंदा सासूला म्हणाली. "आता चाबीबी तुमच्याच पाशी हाय. लग्नसराईपुरतं पानी नाही म्हना न् लावा कुलूप."

बाई काहीच बोलल्या नाहीत. चंदाने ते होकारासारखं घेतलं. कुलूप लागलं, संडासाची पाटी उतरली, दारापुढे भांड्यांची उतरंड रचली. सकाळी चांगली दोन गिऱ्हाइकं झाली. मी तिथेच पायरीवर बसलो होतो. सुनेचा चेहरा उजळला, सासूचा नाही.

दुपारी अड्याळची एक बाई लग्नाच्या लेकीला घेऊन आली.

"चाबी द्या जी."

"पानी नाही," चंदा म्हणाली.

बाई लेकीला म्हणाली, "चाल, घरी जाऊ. भांड्याचं मंग पाहू."

पोरीला पाऊल टाकवत नव्हतं. गोदावरीबाई उठल्या, उतरंड स्वतः बाजूला केली, कुलूप उघडलं. मायलेकी बाहेर आल्या, हात-पाय धुतले, आणि सरळ समोर गेल्या. तेजरामकडून आंदणाची सगळी भांडी घेतली.

"पाहा," चंदा म्हणाली. "झालं समाधान?"

बाईंनी मंडळ बोलवायला लावलं. सगळे ओशाळलेले होते. तुमची वर्गणी माफ करू, कोणीतरी म्हणालं.

"वर्गणी देईन मी," बाई म्हणाल्या. "मले मोड पाह्यजे." मोड म्हणजे नव्याच्या बदल्यात गिऱ्हाईक देतं ते जुनं, फुटकं भांडं. "फुटक्याले कोनी विटाळ मानत नाही. गल्लीतली मोड न् दुरुस्ती माह्याकडं पाठवा. नवा माल तुमी विका."

तेजराम कळवळला. "वहिनी, मोडीतच तं चार पैसे सुटते आमाले."

"म्हनूनच मांगून राहिली. नाही तं दुकान बदलू. तुमी इकडं या, मी तिकडं जातो."

 दुकान बदलायला कोणी उठलं नाही. मोड बाईंकडे गेली.

पोटापुरतं मिळतं आहे. चेपलेल्या, भोकं पडलेल्या भांड्यांनी दुकान छतापर्यंत भरलं. चंदा नवऱ्याला म्हणते, लग्न भांडेवाल्याशी झालं होतं, भंगारवाल्याशी नाही. तो हसतो, ती हसत नाही.

परवा नात प्रेरणाच्या लग्नासाठी मी गुंड घ्यायला गेलो. बाईंनी समोर बोट दाखवलं. तेजरामकडून घेतला आणि दाखवायला पुन्हा बाईंकडे आणला. त्यांनी तो फिरवून पाहिला, बोटाने वाजवला, कान लावला.

"चांगला हाय," त्या म्हणाल्या. मी तो खाली ठेवायला वाकलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"इथं नोका ठेवू, भाऊ. लग्नाचा हाय."