उपाशीपोटीची साखर

"खरं सांगजो, मी रागावत नाही."

हे म्हणताना आमच्या डॉक्टरसाहेबांच्या भुवया आधीच वर गेलेल्या असत. चष्मा कपाळावर, हातात पेशंटचं मनगट, आणि आवाज इतका मऊ की समोरच्याला धडकीच भरावी. त्या वाक्यावर भरवसा ठेवून खरं सांगणारा माणूस यवतमाळात एकदाच भेटे. पुढच्या खेपेला तोच माणूस खोटं बोलायला शिकून आलेला असे.

मी त्यांच्याकडे लॅबमध्ये होतो, अजूनही तिथेच आहे. मी लागलो तेव्हा लघवी नळीत उकळून साखर पाहायचे दिवस सरत आले होते. साहेब ती नळी पेशंटच्या डोळ्यांपुढे धरत. "निळं राह्यलं तं पास, विटकरी झालं तं नापास." शाळा केव्हाच सुटलेली माणसं म्हातारपणी पुन्हा नापास व्हायला लागली.

त्या काळी शुगर म्हणजे शेठ-सावकारांचा आजार, अशी सगळ्यांची समजूत होती, डॉक्टरांचीसुद्धा. दिवसभर कापूस वेचणाऱ्या काटकुळ्या बाईला साखर कशी होईल? साहेब म्हणत, होते. मुंबईची चांगली नोकरी सोडून ते परतले ते हेच दाखवून द्यायला. बोरी अरब गावच्या बाजारात भाजीवाल्यांच्या ओळीत आम्ही टेबल मांडत असू.

"काय इकून राह्यले जी?" लोक विचारत.

"इकत नाही, रक्त घेऊन राह्यलो," साहेब म्हणत, आणि अर्धी गर्दी तिथेच पांगे. न पांगता पहिलं बोट पुढे केलं ते कौसाबाईने. हडकुळी, मजुरी करणारी बाई. तिची साखर भरपूर निघाली आणि साहेबांना झालेला आनंद तिला काही केल्या कळेना.

अशी माणसं वर्षानुवर्षं तपासायला येत राहिली. त्यांच्या साखरेवर साहेबांनी निबंध लिहिला. औषध आणि पथ्य नीट समजावलं तर खेड्यातला गरीब माणूसही साखर ताब्यात ठेवतो, हा त्याचा मथितार्थ. मोठ्या शहरांत तो वाचला गेला. परदेशातले डॉक्टर आमची दोन खोल्यांची लॅब पाहून गेले. साहेबांची मान ताठ झाली, आणि माझीही झाली.

मग एकदा वसंतराव आले. राळेगावकडचे शेतकरी, साहेबांचे लाडके पेशंट, दर खेपेला साखर नमुनेदार. चप्पल काढली तर पायाचा अंगठा काळा पडलेला. शेतात कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट रुतला होता आणि त्यांना कळलंही नव्हतं. साखर वाढलेली राहिली की पायातली जाण मरते, हे साहेबच सगळ्यांना शिकवत. पण ज्याची साखर इतकी चांगली, त्याची जाण मेली कशी?

साहेबांनी खोदून खोदून विचारलं. शेवटी वसंतरावांची बायको बोलली. "तुमच्याकडं यायच्या आधी चार दिस हे कडक पाळतेत जी. गोड नाही, भात नाही. घरी गेलं का मंग पुन्हा तसंच. सगळेच करतेत, साहेब."

"काहून?"

"तुमाले वाईट वाटू नये म्हनून."

अंगठा काढावा लागला. त्याच सुमारास तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी आमच्याकडे आली. ती चार दिवसांच्या उपासाला फसत नाही. साहेबांनी जुन्या पेशंटांना बोलावून ती करवली. मी एकेक आकडा आत नेत होतो आणि साहेबांचा चेहरा उतरत होता. डॉक्टरांच्या पुढच्या सभेत ते आपणहून उभे राहिले, माझा निष्कर्ष चुकला म्हणाले आणि खाली बसले. मोठा माणूस होता हो. पण त्या दिवसापासून तो थकला, हेही मी पाहिलं.

साहेबांनी रागावणं सोडलं ते तेव्हापासून. पूर्वी ते पंगतीत बसले की वाढपी जिलेबीची परात घेऊन दुसऱ्या ओळीला वळत. एका पेशंटच्या मुलीच्या लग्नात साहेबांनीच हाक मारून दोन जिलेब्या मागून घेतल्या आणि सर्वांदेखत खाल्ल्या. "पाहा, मी खाल्ली. तुमीही खासान, पण मले सांगत जा." लोकांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी गावभर बातमी, साहेबांची तब्येत बरी दिसत नाही.

पोळ्यानंतर हिंदू पेशंट फिरकत नसत, ईदनंतर मुसलमान. त्या बाबतीत गावात पक्की एकी होती. नवी तपासणी सगळं उघडं पाडे, तरी यायच्या आधीचा उपास काही सुटला नाही. गोळी घेऊन उपाशी राहिलेले एकदोघे एसटीतच घेरी येऊन पडले. साहेबांनी कौसाबाईला हात जोडून सांगितलं, बाई, असं करू नको. ती म्हणाली, "देवळात जातानी आंघोळ करून जातोच ना आपन?"

मागच्या हिवाळ्यात साहेब गेले. सकाळी फिरून आले, खुर्चीत बसले, संपलं. आता त्यांच्या खोलीत एक तरुण डॉक्टर बसतात. हुशार आहेत, स्वभावानेही चांगले आहेत. त्यांना सगळे खरं सांगतात. काल श्रीखंड खाल्लं, गोळी महिनाभर बंद आहे, सगळं बिनधास्त. साहेबांनी ज्यासाठी जन्म घालवला ते या पोराला पहिल्याच आठवड्यात मिळालं. मला त्याचा आनंद व्हायला हवा, तो होत नाही. खोटं बोलावं इतका जीव कोणाचा त्यांच्यावर अजून जडलेला नाही, एवढंच.

साहेब गेल्यावर काही दिवस बंद राहिलेला दवाखाना पुन्हा उघडला त्या सकाळी कौसाबाई पहिल्या एसटीने आली. तिच्यापर्यंत काही पोचलेलं नव्हतं. ओठ सुकलेले, चेहरा ओढलेला. मी तोंड उघडायच्या आत तिने बोट पुढे केलं. मी सुई टोचली. साखर अगदी नमुनेदार होती.

"पास?"

"पास," मी म्हणालो, आणि मग तिला सांगितलं.

ती बाकावर बसून राहिली. मी चहा मागवला, सवयीने बिनसाखरेचा. तिने कप हातात धरला, तोंडाला लावला नाही.

"चार दिस पाळलं रे बापू," ती म्हणाली. "आता कोनाले दाखवू?"