विहीणबाईंसाठी गुऱ्हाळापर्यंत

लेकीच्या इटालियन सासूबाई, पाओला, हिवाळ्यात पुण्याला येणार म्हणून मी साठीत कोथरूडच्या क्लासला इटालियन शिकते आहे. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे पूर्वी काय काय व्हायचं?" अस्मादिकांनी क्लासचा कर्मणी प्रयोगाचा धडा घडाघडा म्हणून टाकला: द्राक्षं तुडवली जायची, वाइन बनवली जायची. पाठांतराची सवय, दुसरं काय! त्या हरखल्या, "मला तो मळा बघायचाय!" आता खरं सांगणं भाग होतं, आणि खरं मलाच ठाऊक नव्हतं. वडील गावाबद्दल कधी बोललेच नाहीत.

मंगळवारी सकाळी सातला दिवसाचा पास काढून निघाले. हडपसरला बस बदलावी लागते. मांजरीपर्यंत ट्रॅफिक जीव काढतो, मग अधूनमधून ऊस दिसतो आणि बरं वाटतं. लोणी काळभोरला वडिलांची धाकटी बहीण, माझी आत्या राहते. पिठलं-भाकरी खाता खाता तिला माझा पराक्रम सांगितला.

"द्राक्षं? अगं, आपल्याला बोरं मिळायची मारामार व्हती!" आत्या पोट धरून हसली. "चल, गुऱ्हाळ दावते."

रिक्षानं दहा मिनिटांवर एक गुऱ्हाळ अजून चालतं. काकवी हवी असेल तर बरणी घरून न्या, तिथे बरणी मिळत नाही. मोठ्या काहिलीतून वाफ येत होती, वास असा की मधुमेह विसरावा. मी वही काढली. ऊस तोडला जायचा, रस आटवला जायचा. वाक्यं छान जमत होती.

"तुझा बाप खाली जाळ घालायचा," आत्या म्हणाली. "दिसभर. पर आपल्या लोकांनी काहिलीला शिवायचं न्हाई, विटाळ व्हायचा म्हनं. सांच्याला आपल्या मडक्यात काकवी वरनं वतायचे."

तेवढ्यात गुऱ्हाळवाल्या दादांनी आमच्या दोघींच्या हातावर गरम गूळ ठेवला. "घ्या मावशी." आत्यानं तो निवांत खाल्ला. मला मात्र रडू आलं.

पाचच्या बसनं घरी आले. काकवीची बरणी पाओलांसाठी फडताळात ठेवली आहे.

पुढच्या रविवारी कॉल लावला. मळा नव्हताच, मी धडा म्हटला होता, हे कबूल केलं. त्या खळखळून हसल्या. मग वहीत बघत, अडखळत गुळाचं सांगितलं, काकवी वरून ओतली जायची इथपर्यंत. त्यांचं हसू थांबलं.

"कोण ओतायचं?"

"मालक," मी म्हणाले. "आणि जाळ घालायचे ते माझे वडील. सखाराम."

त्यांनी कागद ओढला आणि नाव पुन्हा सांगायला सांगितलं.