आधी चिंधीवर

टाकेकाकूंच्या दुकानात दोन माणसं शिरली की तिसऱ्यानं पायरीवरच थांबायचं. जिन्याखालची खोली ती. एका भिंतीला दोऱ्यांची रिळं, दुसरीला भरतकामाचं मशीन, मध्ये टेबलावर जुना कॉम्प्युटर. त्या दुपारी खारूची आई धापा टाकतच आत आली. एका हातात लेकीचं नवं जाकीट, दुसऱ्या हातात पेनड्राइव्ह आणि पाठीमागे तोंड लपवून सात वर्षांची खारू.

घरात खारूच्या तोंडाला विसावा नसे, पण उंबरठा ओलांडला की त्याच तोंडाला कुलूप. शाळेत जाऊन दीड वर्ष झालं, तरी बाईंनी तिचा आवाज ऐकला नव्हता. उद्या वर्गाची सहल होती, आईशिवाय पहिलीच. गर्दीत हरवली तर ही कुणाला काही सांगेल का, या विचारानं आईच्या डोळ्याला आठवडाभर डोळा लागला नव्हता. शाईनं लिहिलेलं धुऊन जातं, शिवलेली पट्टी टोचते म्हणून खारू ओरबाडून काढते. म्हणून ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मदतीनं तिनं डिझाइन बनवलं होतं: खारूनं काढलेली गोगलगाय आणि खाली आईचा फोन नंबर.

काकूंनी पेनड्राइव्ह मशीनला लावला. पडद्यावर काहीच नाही.

"गेलं! पुसलं गेलं सगळं!" आई मटकन स्टुलावर बसली.

"थांब गं, लगेच सुतक धरू नकोस." काकूंनी पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला. गोगलगाय शिंगं उभारून हजर. "हे बघ. रिकामं नाही, मोठं आहे. कापड ताणायच्या माझ्या चौकटीत मावत नाही. आणि आमच्या या मशीनबाईसाहेबांची रीतच अशी, जे झेपत नाही ते त्यांना दिसतच नाही."

"आमच्या ऑफिसातल्या साहेबांसारखं," आई म्हणाली आणि स्वतःच हसली.

डिझाइन लहान केलं, तर गोगलगाय बरी दिसली, पण नंबराच्या मुंग्या झाल्या.

"मग गोगलगाय काढून टाका. नंबर महत्त्वाचा."

आईचा कुडता मागून ओढला गेला. काकूंनी ते पाहिलं.

"कुणी काही काढत नाही. दोन तुकडे करू. गोगलगाय खिशावर, नंबर आत, अस्तरावर. खालून मऊ कापड लावते, टोचणार नाही. आणि पोरीच्या छातीवरचा नंबर चारचौघांनी का वाचावा?"

हे आईला सुचलंच नव्हतं. काळजी माणसाला किती आंधळं करते, असं वाटून तिनं जाकीट उलटून अस्तर काकूंपुढे धरलं.

काकूंनी बावीस वर्षं हातानं भरतकाम केलं. मग बोटं बधिर होऊ लागली, सुई हातातून कधी निसटली ते कळेना. आता संपलं, असं म्हणून त्यांनी दोरे वाटायलाही काढले होते. तेव्हा सुनेनं हे मशीन आणलं आणि छप्पन्नाव्या वर्षी सासूबाईंना फोनवरून कॉम्प्युटर शिकवला. "सून नव्हे, माझी मास्तरीण," काकू गिऱ्हाइकांना सांगत. सुनेचा एकेक धडा त्यांनी आपल्या भाषेत भिंतीवर चिकटवला होता. एका कागदावर लिहिलं होतं: 'पाहुण्याला विचारल्याशिवाय उठवू नये.'

डिझाइनचे दोन तुकडे पेनड्राइव्हवर उतरले. "हा पाहुणा," त्याच्याकडे बोट करून काकू म्हणाल्या. "उपटून काढला की अर्धं सामान मागे राहतं." त्यांनी कॉम्प्युटरची रीतसर परवानगी घेतली, मग तो काढून मशीनला लावला. आता दोन्ही चित्रं दिसली.

तरी जाकीट बाजूलाच राहिलं. काकूंनी चौकटीत चिंधी ताणली. मशीन खडखडलं आणि निळा नंबर उमटला.

"आता वाचा. ज्याच्या अंगावर बसणार, त्यानं वाचायचं."

"काकू, मी दहा वेळा तपासलाय. आणि ती नाही हो बोलत..."

"जाकीट तुझ्या अंगात जाणार आहे का? एका डॉक्टरांच्या कोटावर मी कंपाउंडरनं सांगितलेलं नाव भरलं होतं. ते निघालं आधीच्या डॉक्टरांचं! तेव्हापासून नियम म्हणजे नियम." काकूंनी चिंधी टेबलाच्या कडेला ठेवली आणि पाठ फिरवून रिळं लावायला घेतली. "मला घाई नाही."

एकेक रीळ भिंतीवर चढत गेलं. आई तोंड उघडणार, तोच काकूंनी न वळता हात वर केला.

"हा चार चुकलाय," मशीनकडे बघत एक बारीक आवाज म्हणाला. "इथे सात पाहिजे."

आईनं चिंधी उचलली. खरंच चार होता. की-बोर्डवर उजवीकडच्या आकड्यांत सातच्या खालचं बटण. दहा वेळा तिनं तीच चूक बरोबर म्हणून वाचली होती. उद्या काही झालं असतं, तर फोन भलत्याच घरी वाजला असता.

"गोगलगाय आणि पोटात पाय!" काकू म्हणाल्या. "नंबर पाठ आहे की हिला!"

"बाबांचा पण आहे," खारू म्हणाली. या वेळी ती काकूंकडे बघत होती. "सांगू?"

आईनं ती चुकलेली चिंधी घडी करून पर्समध्ये ठेवली. ती अजून तिथेच आहे.

"सांग बाई," काकू म्हणाल्या आणि त्यांनी चौकटीत दुसरी चिंधी ताणली.